नवरा हेस्टिंग्ज, मग बायको लाउडन कशी?

अजिंक्यताऱ्याखाली:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे, पण इथे जुन्या कागदांत रमणारे बरेच जण आहेत म्हणून धागा काढतेय.

मी साताऱ्यात एका दस्तलेखकांकडे टायपिंगला आहे. दिवसभर खरेदीखत, बक्षीसपत्र, चूकदुरुस्ती आणि सगळ्यांत जास्त हक्कसोडपत्र. ‘लिहून देणार’मध्ये तीन बहिणी, ‘लिहून घेणार’मध्ये एक भाऊ. ‘कोणताही मोबदला न घेता, बंधुप्रेमापोटी, राजीखुशीने’ एवढा मजकूर माझी बोटं आता कीबोर्डकडे न बघता मारतात. सही झाली की भाऊ पेढ्याचा बॉक्स पुढे करतो, बहिणी एकेक पेढा उचलतात आणि अंगठ्याची शाई पुसायला कागद मागतात.

तर संध्याकाळी डोक्याला काहीतरी वेगळं म्हणून मी कंपनी सरकारच्या काळातली चित्रं बघत असते. सीताराम नावाचा एक चित्रकार होता. १८१४-१५ मध्ये गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज कलकत्त्याहून वर दिल्लीच्या बाजूला दौऱ्यावर निघाला तेव्हा हा ताफ्यात होता. (हा वॉरन नव्हे. हा नंतरचा, ज्याच्या काळात १८१८ ला पेशवाई बुडाली तो.) त्या दौऱ्याच्या माहितीत सारखी ‘लेडी लाउडन’ येते. पुढे वाचलं तर ती त्याची बायको. आणि ती म्हणे पाच वर्षांची असताना लाउडनची काउंटेस झाली, स्कॉटलंडमध्ये, स्वतःच्या हक्काने.

मला तीन गोष्टी कळत नाहीयेत. नवरा हेस्टिंग्ज तर बायको लाउडन कशी? पाच वर्षांच्या पोरीला सरदारकी मिळते तेव्हा चुलते, चुलतभाऊ गप्प बसले? आणि खरं टोचतंय ते हे, की यांच्याकडे मुलगी वारस चालत होती, तर १८४८ ला साताऱ्याच्या गादीला ‘वारस नाही’ म्हणताना यांची जीभ कशी रेटली?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गावभाग_सांगली:

ताई, वॉरन नव्हे हे कंसात टाकलंत ते फार बरं केलंत. नाहीतर पहिले दहा प्रतिसाद त्यातच गेले असते.

बायकोची पदवी नवऱ्यापेक्षा जुनी असली की घरात कोणाचं चालतं, यावर मी स्वानुभवाने बोलू शकतो, पण सौ. हा फोरम वाचते.

जुनादप्तरी काकांना हाक मारतो. हे त्यांचं कुरण आहे.

जुनादप्तरी:

हाक ऐकली. दुपारची झोप मोडली, पण विषय चांगला आहे.

ताई, तुम्ही दस्ताच्या टेबलावर बसता म्हणजे तुम्हाला सांगणं सोपं. मी साताऱ्याला रेकॉर्ड रूममध्ये होतो, आता सांगलीत मुलाकडे असतो. नोकरीला लागलो तेव्हा आमच्या साहेबांनी पहिली गोष्ट शिकवली ती ही, की वारस कोण ते मागाहून बघायचं, आधी मूळ सनद काढायची. सनदेत ‘पुत्रपौत्रादि’ आहे का, हयातीपुरतं आहे का, चाकरीच्या बदल्यात आहे का, यावर पुढचा सगळा तमाशा. ब्रिटनमधल्या पदव्यांचं तसंच आहे. ‘तिकडे मुलींना मिळतं’ असं सरसकट काही नाही. ज्या सनदेने पदवी दिली तिच्यात मुलींची वाट उघडी ठेवली असेल तर मुलगी, नाहीतर दूरचा चुलतभाऊ शोधून आणतात, आणि तोही नसेल तर पदवी बुडते. स्कॉटलंडच्या जुन्या पदव्यांत ही वाट बऱ्याच ठिकाणी उघडी आहे, इंग्लंडात ती फार क्वचित. मुलगी वारस ठरली तरी सख्खा भाऊ असेल तर तो पुढे, हे मात्र दोन्हीकडे.

आता लाउडन. हे स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येला, एअरशरमध्ये. कॅम्पबेल घराणं. मजा अशी की या घराण्यात मुलीने सरदारकी घेणं फ्लोरापासून (तुमच्या लेडी लाउडनचं नाव फ्लोरा) सुरू झालेलंच नाही. लॉर्ड लाउडन ही पदवी १६२२ मध्ये ह्यू कॅम्पबेलकडून त्याच्या नातीकडे गेली, मार्गारेटकडे. तिच्याशी लग्न केलं सर जॉन कॅम्पबेलने, आणि १६३३ मध्ये त्याला अर्ल केलं (लॉर्डच्या वरची सरदारकी, बाई असेल तर काउंटेस). अर्लपदाच्या मुळाशीच नातीचा वारसा आहे. (जॉनने राजाशी भांडण काढल्यामुळे ती पदवी १६४१ पर्यंत अडवून ठेवली होती, ते वेगळं प्रकरण.)

फ्लोराच्या वेळी काय झालं ते बघा. चौथा अर्ल लग्नाशिवाय १७८२ मध्ये वारला. हा अमेरिकेत इंग्रजी फौजांचा सरसेनापती होता काही काळ, काही भलं केलं नाही तिथं. त्याच्या मागे पदवी आली चुलतभावाकडे, जेम्स म्यूर-कॅम्पबेलकडे. जेम्सची बायको रासे बेटावरच्या मॅक्लाउड घरातली, तिचंही नाव फ्लोरा. ती १७८० मध्ये मुलीला जन्म देऊन लगेच गेली. जेम्सच्या डोक्यावर कर्ज, आणि १७८६ च्या एप्रिलमध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. मागे एकुलती एक पोर. मुलगा नाही, पोटची मुलगी आहे, सनद आडवी येत नाही. झाली सहावी काउंटेस. चुलते गप्प बसले का, तर बोलायला जागाच नव्हती. शिवाय सरदारकीबरोबर कर्जंही होती, त्यामुळे फार कोणी बाह्या सरसावून धावलं नसावं असं माझं मत.

नावाचं कोडं आता सुटेल. तिचं लग्न १८०४ मध्ये. वर जवळजवळ सव्वीस वर्षांनी मोठा, अमेरिकेच्या युद्धातला नावाजलेला शिपाईगडी, युवराजाचा दोस्त, आणि पैसा टिकवण्यात सपशेल नापास. तो तेव्हा मोइराचा अर्ल, पण ती पदवी आयर्लंडची. त्या काळच्या मानापानात स्कॉटलंडचं जुनं अर्लपद आयर्लंडच्या नव्या अर्लपदाच्या वर बसायचं. म्हणून ती लाउडन हेच नाव लावत राहिली. नेपाळच्या युद्धानंतर नवऱ्याला हेस्टिंग्जचा मार्क्विस केलं, मार्क्विस अर्लच्या वरचा, तेव्हापासून ती मार्शनेस ऑफ हेस्टिंग्ज म्हणून जास्त दिसते. तुमचा सीताराम १८१४-१५ चा, म्हणजे मार्क्विसपद मिळायच्या आधीचा. त्यामुळे तिथे ती लाउडन.

आणि एक गंमत ताई. ज्या ‘हेस्टिंग्ज’ नावाने आपण या माणसाला ओळखतो ते त्याच्या बापाचं नावच नव्हे. बापाचं आडनाव रॉडन. हेस्टिंग्ज हे आईचं माहेर. मामा, म्हणजे हंटिंग्डनचा अर्ल, १७८९ मध्ये निपुत्रिक गेला. त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे भाच्याने मामाचं आडनाव जोडून घेतलं, आणि इंग्लंडमधल्या काही जुन्या बॅरनी (अर्लच्या खालच्या दर्जाच्या पदव्या) आईकडून त्याच्याकडे आल्या. पेशवाई बुडवणाऱ्या गव्हर्नर जनरलचं नाव आईकडून, बायकोची सरदारकी तिच्या स्वतःच्या बापाकडून. आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकात यातलं काही येत नाही.

दौऱ्याबद्दल थोडं. २२० च्या आसपास होड्या होत्या गंगेत. वाटेत बादशहाची भेट मात्र टळली, कारण दुसरा अकबरशहा मानापान सोडायला तयार नव्हता आणि हेस्टिंग्ज त्याच्यापुढे मांडलिकासारखा उभा राहायला तयार नव्हता. हा रोजनिशी लिहायचा, आणि त्यात बायकोचा उल्लेख लेडी लाउडन असाच. ती रोजनिशी पुढे १८५८ मध्ये त्यांची मुलगी सोफिया हिने छापून आणली. सीतारामची चित्रं मात्र दीडशे-पावणेदोनशे वर्षं घराण्याच्या कपाटात पडून होती. दहा आल्बम. ब्रिटिश लायब्ररीने १९९५ मध्ये घेतले, तेव्हा कुठे लोकांना हा सीताराम माहीत झाला.

तिसऱ्या प्रश्नावर बसून लिहावं लागेल. चहा घेतो.

पाटणचा_पाव्हणा:

काका झकास. पण ताई, बाईच्या नावावर सरदारकी आली म्हणून फार हुरळून जाऊ नका, एवढंच सांगायला आलो.

त्याच काळातली दुसरी बघा. सदरलँडची एलिझाबेथ. स्कॉटलंडच्या पार उत्तरेला. १७६६ मध्ये आईबाप दोघंही तापाने गेले, ही एक वर्षाची. इथे मात्र पुरुष दावेदार उठले होते. खटला लंडनला उमरावांच्या सभागृहापुढे चालला आणि १७७१ मध्ये पोरीच्या बाजूने निकाल लागला. पोर पाच वर्षांची तेव्हा. पाच हा आकडा त्या लोकांना फार लाभलेला दिसतो.

मोठी झाल्यावर हिने लग्न केलं इंग्लंडातल्या गडगंज घरात. आणि मग १८११ ते १८२० च्या दरम्यान आपल्याच मुलखातल्या खोऱ्यांतून हजारो कुळं उठवली. का, तर आत मेंढ्या परवडतात, माणसं नाही. माणसांना समुद्रकाठी नेऊन टाकलं, मासे धरा म्हणाले, ज्यांनी आयुष्यात होडीत पाय ठेवला नव्हता त्यांना. १८१४ ला स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात घरांची छपरं पेटवली. लाकूड महाग, त्यामुळे छपराचे वासे म्हणजे कुळाची अर्धी मालमत्ता. पॅट्रिक सेलर नावाच्या कारभाऱ्यावर खटला झाला, १८१६ ला सुटला. नवरा पुढे ड्यूक झाला, त्याचा शंभर फुटी पुतळा अजून डोंगरावर उभा आहे, खाली गोल्स्पी गाव. दरवर्षी कोणीतरी म्हणतं पाडा, कोणी म्हणतं राहू द्या म्हणजे लोकांना आठवण राहील.

आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. आजी उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा कुठे असेल ते बोटाने दाखवायची. त्यामुळे खोरं रिकामं करणे हे प्रकरण मी वाचतो तेव्हा जमीन कुणाच्या नावावर होती, बाईच्या की बुवाच्या, याने मला फार फरक पडत नाही. मालक मालक असतो.

अवांतर झालं असेल तर माफी.

अजिंक्यताऱ्याखाली:

पाव्हणे, अवांतर अजिबात नाही. आणि हुरळले नाहीये हो. माझ्या टेबलावर बायकांच्या सह्यांनी बायकांचंच नुकसान होताना रोज बघते, काही वेळा पलीकडे ‘लिहून घेणार’ म्हणून आईच असते. पण हक्क असून वाईट वागणं आणि हक्कच नसणं, यांतलं पहिलं मला चालेल. भांडायला माणूस तरी समोर असतो.

काका, चहा झाला असेल तर तिसरा प्रश्न?

जुनादप्तरी:

झाला. दोन झाले.

आधी साताऱ्याचा कागद नीट बघू. १० फेब्रुवारी १८१८ ला तुमच्या डोक्यावरचा अजिंक्यतारा इंग्रजांनी घेतला. आधी आपलं निशाण चढवलं, मग उतरवून छत्रपतींचं चढवलं. दुसऱ्या दिवशी एल्फिन्स्टनचा जाहीरनामा निघाला की बाजीराव गेला, साताऱ्याच्या राजाला मुलूख देऊ. हा एल्फिन्स्टनही स्कॉटिश लॉर्डाचा मुलगा, पण धाकटा, म्हणून पदवी नाही आणि म्हणून हिंदुस्थान. राजाशेजारी बसवलेला ग्रँट डफ तोही स्कॉटलंडच्या बॅन्फचा. तेव्हा सातारा जिल्ह्यात मराठ्यांखालोखाल स्कॉटिश लोकांचं वजन होतं म्हणायला हरकत नाही.

२५ सप्टेंबर १८१९ चा तह. त्यात मुलूख प्रतापसिंह महाराजांना, त्यांच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना कायमचा दिला असं आहे. म्हणजे सनद स्वच्छ. १८३९ ला प्रतापसिंहांना काढून काशीला पाठवलं, भाऊ शहाजी ऊर्फ अप्पासाहेब गादीवर आले. ते ५ एप्रिल १८४८ ला वारले, आणि त्याआधी त्यांनी दत्तक घेतला होता. ताई, तुम्ही म्हणता ‘वारस नाही’. वारस होता. धर्मशास्त्राप्रमाणे रीतसर दत्तक होता. मुंबईचा गव्हर्नर क्लार्क म्हणत होता दत्तक मान्य करा. साताऱ्याचा रेसिडेंट फ्रियर म्हणत होता मान्य करा. डलहौसी म्हणाला, राज्य कंपनीने दिलेलं आहे, दत्तकाला आमची मंजुरी लागते, आणि ती आम्ही देत नाही. लंडनच्या डायरेक्टरांनी १८४९ च्या सुरुवातीला मान डोलावली. संपलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे असं, की त्यांच्या घरचा कायदा त्यांनी साताऱ्याला लावलाच नाही. लावला असता तरी उपयोग नव्हता, कारण ब्रिटनच्या पदव्यांत दत्तक चालत नाही, आजही नाही. रक्ताचीच औलाद लागते, मग मुलगी का असेना. आपल्याकडे उलटं. मुलीला गादी नाही, दत्तकाला पूर्ण हक्क. ताराबाईसाहेबांसारखी बाई औरंगजेबाशी लढली, राज्य चालवलं, पण गादीवर नाव मुलाचं. डलहौसीने साताऱ्याला ना स्वतःच्या घरचा नियम लावला, ना आपल्याकडचा. तिजोरीला सोयीचा तो लावला.

आता जरा सावकाश वाचा, यासाठी मी दुसरा चहा घेतला. डलहौसी स्वतः स्कॉटिश. डलहौसीचा दहावा अर्ल. पंजाब घेतल्यावर १८४९ मध्येच त्याला मार्क्विस केलं. म्हणजे ज्या साली साताऱ्याची फाइल बंद झाली त्याच साली. त्याला मुली दोन, मुलगा नाही. १८६० च्या डिसेंबरात तो वारला. मार्क्विसपद तिथल्या तिथे बुडालं, कारण सनद पुत्रसंततीची. जुनं अर्लपद तरी मुलींकडे गेलं का? नाही. तिथेही पुरुषांचीच वाट. चुलतभाऊ लॉर्ड पॅनम्यूर आला आणि घेऊन गेला. निपुत्रिक म्हणून दुसऱ्यांची संस्थानं खालसा करणाऱ्याची स्वतःची पदवी बारा वर्षं पुरी करू शकली नाही. सूज्ञांस अधिक सांगणे न लगे.

आणि आपल्या लाउडनबाईंचं काय? नवऱ्याला हिंदुस्थानातल्या कामगिरीवर मिळालेलं हेस्टिंग्जचं मार्क्विसपद नातवापर्यंत आलं. नातू हॅरी, चौथा मार्क्विस, घोड्यांच्या शर्यतीचा नाद. १८६७ च्या डर्बीत ‘हर्मिट’ नावाच्या घोड्याच्या विरुद्ध पैसे लावले, हर्मिट जिंकला, याचे सव्वा लाख पौंडांच्या घरात गेले. पुढच्या वर्षी सव्विसाव्या वर्षी मेला, मूलबाळ नाही. मार्क्विसपद बुडालं. लाउडनचं अर्लपद मात्र गेलं त्याच्या बहिणीकडे, एडिथकडे, कारण ते आजीकडून आलेलं होतं.

सुलूताई:

वाचतेय केव्हाची. काका, ही लाउडनबाई म्हणजे त्या लेडी फ्लोरा हेस्टिंग्जची आई का? व्हिक्टोरिया राणीच्या दरबारातली ती, जिच्यावर बालंट घेतलं होतं? मी निवृत्त परिचारिका आहे, ती केस आम्हाला एका मॅडमनी शिकवताना सांगितली होती, न तपासता निदान करू नये म्हणून.

जुनादप्तरी:

तीच. थोरली मुलगी, १८०६ ची. राणीच्या आईच्या तैनातीत होती. १८३९ च्या सुरुवातीला तिचं पोट दुखायला आणि फुगायला लागलं. राणीचा वैद्य सर जेम्स क्लार्क याने कपड्यांवरून हात लावून ती गरोदर असल्याचा संशय धरला, दरबारात कुजबुज पसरली, तरुण राणीनेही ती खरी मानली. शेवटी त्या अविवाहित बाईला तपासणीला सामोरं जावं लागलं आणि ती निर्दोष ठरली. जुलैच्या ५ तारखेला वारली. शवविच्छेदनात यकृत वाढलेलं निघालं. तुमच्या मॅडमनी बरोबर सांगितलं.

आई तेव्हा स्कॉटलंडमध्ये, अठ्ठावन्न वर्षांची, विधवा, तब्येतीने खंगलेली. पण गप्प बसली नाही. राणीला पत्र धाडलं, वैद्याला काढून टाका म्हणून. पंतप्रधान मेलबर्नने उत्तर दिलं त्याचा सारांश असा, की आपली मागणी इतकी अभूतपूर्व आणि आक्षेपार्ह आहे की पत्र पोचलं एवढंच कळवतो. आपल्या कचेऱ्यांतली ‘उचित कार्यवाहीस्तव’ची पोच यापेक्षा मायाळू म्हणायची. मग बाईंनी सगळा पत्रव्यवहार ‘मॉर्निंग पोस्ट’ वर्तमानपत्रात छापायला दिला. लंडनभर बोभाटा. अ‍ॅस्कॉटच्या शर्यतींना राणी गेली तर लोकांतून हुर्यो उठली. क्लार्कला मात्र कोणी काढलं नाही. मुलीमागे सहा महिन्यांनी, ८ जानेवारी १८४० ला, आईही गेली.

त्याच १८३९ च्या सप्टेंबरात इकडे प्रतापसिंहांना साताऱ्याहून काढलं, आणि रंगो बापूजी गुप्ते त्यांची बाजू मांडायला लंडनला गेले ते पुढे वर्षानुवर्षं तिथेच अर्ज-विनंत्या करत राहिले. त्यांनाही पोचच मिळत गेली.

सुलूताई:

बिचारी. आणि हाताची गोष्ट खरी का? नवऱ्याचा हात तिच्याबरोबर पुरला म्हणतात.

जुनादप्तरी:

खरी. हेस्टिंग्ज नंतर माल्टाचा गव्हर्नर झाला, १८२६ च्या नोव्हेंबरात नेपल्सजवळ जहाजावरच वारला. त्याने सांगून ठेवलं होतं की माझा उजवा हात कापून ठेवा आणि बायको गेली की तिच्याबरोबर पुरा. देह माल्टात पुरला, तिथल्या बागेला त्याचं नाव आहे. हात चौदा वर्षं थांबला आणि एअरशरला लाउडनच्या चर्चमध्ये तिच्या शवपेटीत ठेवला. मला स्वतःला हा प्रकार प्रेमाचा वाटतो की चमत्कारिक, ते अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या सौं.चं मत विचारलं तर म्हणाल्या, हयात असताना हातभार लावला असता तर बरं झालं असतं.

गावभाग_सांगली:

काका 🙏 काकूंना साष्टांग नमस्कार.

पुढची थोडी भर मी घालतो, मध्ये चाळलं होतं. लाउडनचं अर्लपद १९२० मध्ये पुन्हा मुलीकडे गेलं. अकरावा अर्ल निपुत्रिक वारला, भाऊ आधीच गेलेला, भावाला नुसत्या मुली. स्कॉटिश नियम, त्यामुळे अर्लपद तडक थोरल्या पुतणीकडे. पण त्याच घराण्यात इंग्लंडच्या ज्या जुन्या बॅरनी होत्या (काकांनी वर सांगितल्या, हेस्टिंग्जच्या आईकडून आलेल्या) त्या लोंबकळल्या. इंग्लंडात थोरली-धाकटी भेद नाही, सगळ्या बहिणी सारख्या वाटेकरी. आणि पदवीचे तुकडे करता येत नाहीत, म्हणून कोणालाच नाही, राजा कुणा एकीच्या नावाने मोकळी करेपर्यंत. बहिणींना समान हक्क दिला आणि त्या समान हक्कामुळेच तोवर कुणाच्या हाताला काही लागलं नाही. हे वाचून मी उठून पाणी प्यायलो.

या अर्लबाईच्या पाठोपाठ तिची मुलगी बार्बरा, तेरावी काउंटेस, २००२ पर्यंत. म्हणजे विसाव्या शतकाचा बराचसा भाग लाउडनच्या गादीवर बायाच.

पण ताई, पदवी होती म्हणजे सगळं होतं असं नाही. तुमच्या फ्लोराला उमरावांच्या सभागृहात पाय ठेवता आला नाही. स्कॉटिश उमराव आपल्यातले १६ जण निवडून पाठवायचे आणि त्या निवडीत बायकांना मतही नव्हतं. स्वतःच्या हक्काने सरदारीण असलेल्या बाईला तिथे बसता आलं ते १९६३ च्या कायद्याने. आणि त्याच १९६३ मध्ये पाटणच्या पाव्हण्यांच्या सदरलँडमध्येही फाटाफूट झाली. पाचवा ड्यूक वारला, ड्यूकपद गेलं दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे, सदरलँडचं अर्लपद गेलं पुतणीकडे, तिचंही नाव एलिझाबेथ. ती २०१९ पर्यंत होती.

आमच्या सांगलीचं एक सांगतो. १९०१ मध्ये धुंडिराज तात्यासाहेब पटवर्धन निपुत्रिक वारले. पण तोवर १८५७ होऊन गेलं होतं, इंग्रजांनी कानाला खडा लावून संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या होत्या. १९०३ मध्ये पटवर्धनांतलाच मुलगा आणून चिंतामणराव म्हणून बसवला. साताऱ्याला ‘नाही’ आणि सांगलीला ‘हो’, मध्ये फरक फक्त पन्नास वर्षांचा आणि एका बंडाचा.

अजिंक्यताऱ्याखाली:

सगळ्यांना खूप धन्यवाद. प्रिंट काढून ठेवतेय. आमच्या दस्तलेखक काकांनी वाचलं आणि विचारताहेत की त्या बॅरनीवाल्या बहिणींनी एकीच्या नावाने हक्कसोड का केलं नाही, आपण दोन तासांत करून दिलं असतं.

लाउडनचा वाडा अजून आहे का? बघायला मिळतो का कुठे?

गावभाग_सांगली:

हाहा. पदवीचं हक्कसोड चालत नाही ताई, तेवढं एक बरं आहे.

वाडा म्हणजे भिंती आहेत. फ्लोरा-हेस्टिंग्जने लग्नानंतर १८०४ ते १८११ मध्ये तो जवळजवळ नव्याने बांधायला काढला, लोक त्याला स्कॉटलंडचं विंडसर म्हणायचे, पैसे संपले म्हणून पुरता झालाच नाही. १९४१ मध्ये जळाला. मग १९९५ पासून पंधरा वर्षं त्याच्या आवारात पाळणे आणि रोलर कोस्टर होते, तेही २०१० ला बंद पडलं. अर्ल तोवर तिथे नव्हतेच. बार्बराबाईंचा मुलगा, चौदावा अर्ल, ऑस्ट्रेलियात जेरिल्डेरी नावाच्या छोट्या गावात राहायचा आणि तिथेच २०१२ मध्ये वारला. टीव्हीवाले त्याच्याकडे गेले होते, हाच इंग्लंडचा खरा राजा कसा ते सांगायला. तो काही आला नाही.